भिंतवाल्याचा फेटा

"शिव्या सांगा," मी म्हणाले आणि वहीचं कोरं पान उघडलं.

दिनकरतात्या पोवारांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग भिंतीवरच्या सातबाव तालमीच्या जुन्या संघाच्या फोटोकडे. या माणसाचा आवाज मैदानाच्या या टोकाला निघाला की त्या टोकाच्या गोलकीपरचे हात कापतात, असं मी ऐकून होते. आता मात्र तो जेमतेम माझ्यापर्यंत पोचला.

"कसल्या शिव्या?"

"मैदानावर देता त्या. सगळ्या."

"पोरी, वय काय तुझं?"

"चोवीस."

"मग? माझ्या पुतणीएवढी तू. तुझ्यासमोर मी..." त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "चहा घेणार?"

मी रत्नागिरीची. डिझाइनचं शिक्षण संपवून कोल्हापुरात तीन माणसांच्या एका कंपनीत लागले होते. सुजयदादा घाटगे मालक, एक जण प्रोग्रॅम लिहिणारा आणि मी चित्रं काढणारी. आम्ही फुटबॉलवेड्यांसाठी एक ॲप करत होतो. नाव 'गॅलरी'. उघडलं की दोन दारं दिसायची, एक लाल आणि एक पिवळं. लाल सातबाव तालमीचं, पिवळं नागझरी तालमीचं. या दोन संघांचं वैर आमच्या सगळ्यांच्या जन्माआधीचं. आपलं दार निवडायचं, आत जाऊन स्कोअर बघायचा, आणि मधल्या चौकात येऊन पलीकडच्यांशी भांडायचं. ॲपचा खरा जीव त्या चौकात होता.

पण आदल्या हंगामात मैदानावर बाटल्या उडाल्या होत्या, त्यामुळे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींनी सुजयदादाला बजावलं होतं, तुमच्या चौकात शिवी दिसता कामा नये, दिसली तर मैदानावरच्या स्पीकरवरून तुमचं नाव कुणी घेणार नाही. म्हणजे ॲपला आधी शिवी ओळखता यायला हवी. त्यासाठी यादी हवी. जो भेटला त्यानं एकच पत्ता दिला, तो हा.

"यादी नसेल तर काम अडेल, तात्या."

"अडू दे. मैदानावर ते आपोआप येतं. हितं, घरात, सोफ्यावर बसून कसं येईल?"

एवढ्यात आतून आवाज आला. "लिहून घे गं. एकाखाली एक लिही."

आणि स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्यांच्या मधल्या जागेत, शिव्यांचा पाढा सुरू झाला. शेंबड्या, बैलोबा, मुडद्या इथवर मी सहज लिहिलं. पुढच्या इथं लिहीत नाही. काही शब्दांचे अर्थ मला कळले नाहीत, काहींचे कळले आणि कान तापले. मध्येच आवाज थांबून म्हणायचा, "ही पंचासाठी. ही फक्त कीपरला." तात्या डोक्याला हात लावून बसले होते.

"हिला हे कुठनं येतं?" ते माझ्याकडेच बघून म्हणाले.

"छत्तीस वर्षं मॅचवरून आल्यावर तुम्ही जेवताना काय बोलता?" आतून उत्तर आलं.

बेचाळीस शिव्या झाल्यावर मालनकाकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. बारीक, उंच, डोक्यावर पदर. माझी वही हातात घेऊन त्यांनी पाढा तपासला, एका ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि विचारलं, "ह्या काढून तिथं काय ठेवणार?"

"फुल्या."

"फुल्या नको. फुल्या बघितल्या की माणूस मनात पुरी शिवी वाचतो. भाजी ठेव. दोडका ठेव."

ती सूचना मी तशीच उचलली. पुढं दोन महिने अख्खं कोल्हापूर एकमेकांना दोडका म्हणत होतं.

निघताना काकी फाटकापर्यंत आल्या. कमरेचा मोबाइल काढला. पुण्याच्या मुलानं दिलेला होता.

"ह्यात बसतं का ते तुमचं?"

मी बसवून दिलं.

"नाव खरं द्यावं लागतं?"

"नाही. मोबाइल नंबर लागतो, पण तो फक्त आम्हाला दिसतो. आम्ही तो कुणाला सांगत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

त्यांनी एकदा मागं घराकडं बघितलं आणि अंगठा पिवळ्या दारावर ठेवला.

"काकी, ती नागझरी."

"मग? माझं माहेर नागझरी. लगीन सातबावात लागलं म्हणून रंग बदलतो व्हय?"

"तात्यांना माहीत आहे?"

"माहेर माहीत हाय. बाकीचं त्यांनी कधी विचारलं न्हाई."

नाव घालायच्या जागी त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'भिंतीपलीकडून'. मला वाटलं, बाईंनी विरंगुळा शोधला. चार दिवस बघतील आणि विसरतील.

पहिल्याच रविवारी सातबावनं दुबळ्या संघाशी कशीबशी बरोबरी केली आणि चौकात भिंतीपलीकडून पहिली ओळ आली. "सातबावच्या दहा नंबरनं बूट नवीन आणलेत. पाय कधी आणणार?"

तासाभरात ती ओळ दोनशे जणांनी पुढं पाठवली. मग रोज एक यायला लागली. नुसती टवाळी नसायची. कोण दमला होता, कुणाला कुठं उभं केलं ते चुकलं, बदली खेळाडू दहा मिनिटं आधी का यायला हवा होता, हे सगळं त्या टवाळीत दडलेलं असायचं, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला जाणारी पोरं ते गुपचूप वाचायची. लोक त्या खात्याला 'भिंतवाला' म्हणू लागले. बाई असेल अशी शंका एकाच्याही मनात आली नाही. त्याला कारणही होतं. कोल्हापुरात त्या पिढीच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. काकी जशा बोलायच्या तसंच लिहायच्या. त्यांना एका अक्षराचंही सोंग करावं लागलं नाही.

आणि भिंतवाल्याशी भिडायला सातबावकडून कोण उतरलं? दिनकरतात्या. त्यांनी छातीवर बिल्ला लावल्यासारखं स्वतःचं पूर्ण नाव, फोटो आणि घरचा पत्ताही टाकला होता.

"मर्द असशील तर समोर ये," तात्या लिहायचे.

"समोरच हाय," भिंतवाला लिहायचा.

हे शब्दशः खरं होतं. तात्या सोफ्यावर, काकी समोर भाजी निवडत, मोबाइल मेथीच्या जुडीखाली. काकी मला दुपारी फोन करून सगळं सांगायच्या आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून डोळे पुसेपर्यंत हसायचे.

"आज काय झालं माहीत हाय का," एकदा त्या म्हणाल्या. "ह्यांनी भिंतवाल्याला उत्तर लिवलं आणि मला वाचून दाखवलं. म्हणाले, कसं वाटतंय बघ. लईच मिळमिळीत होतं गं. मला बघवंना. म्हटलं, असं नको, असं लिवा. आणि एक चांगली झणझणीत ओळ सांगितली."

"स्वतःवरच?"

"मग! घरच्या माणसाची अब्रू न्हाई व्हय? आता तिला काय उत्तर द्यावं ते मलाच सुचंना झालंय."

त्या महिन्यात आमची माणसं नऊशेवरून अकरा हजारांवर गेली. सुजयदादा ऑफिसात शीळ घालत फिरायला लागला. पण सातबावच्या पोरांना ही चेष्टा झोंबत होती. भिंतवाला कोण, याचा शोध सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, नागझरीत सायकली दुरुस्त करणारा बंडू लाटकर, त्याचं दुकान सातबाव आणि नागझरीच्या मधल्या भिंतीला लागून आहे, तोच असणार. सकाळी बंडूनं दुकान उघडायला बघितलं तर शटर वरपासून खालपर्यंत लाल. रंग अजून ओला होता, त्याचे दोन्ही हात भरले. बंडू बिचारा फुटबॉल बघतही नव्हता.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास दिनकरतात्या आमच्या ऑफिसात आले. मागं सातबावची चार पोरं.

"शटरचं काम आमच्यातल्या गाढवांचं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मी त्यांना पुसायला लावलंय. पण हे थांबायचं असंल तर खरं नाव कळलं पाहिजे. तुमच्याकडं नंबर असतोय. सांगा."

"तात्या, आम्ही शब्द दिलाय..." मी म्हणाले.

"तू थांब," सुजयदादा मला म्हणाला आणि तात्यांकडं वळला. "सांगितलं नाही तर?"

"तर आज संध्याकाळपर्यंत लाल दारात एक माणूस उरणार न्हाई."

सुजयदादानं मला आतल्या खोलीत नेलं. "मुग्धा, उघड ते खातं. नंबर दे."

"नाही."

"नोकरी माझ्याकडं करतेस तू."

"करते. पण काढून टाकलंस तरी नंबर सांगणार नाही. आज एक सांगितला तर उद्या पिवळ्या दारात तरी कोण राहील?"

तो माझ्याकडे बघत राहिला. नंबर उघडला असता तर त्याला एवढंच दिसलं असतं, की तो बाहेर बसलेल्या माणसाच्या घरातलाच आहे. शेवटी तो म्हणाला, "मग बाहेर जाऊन तूच सांग त्यांना."

मी बाहेर येऊन तात्यांसमोर उभी राहिले. "मी नाव सांगणार नाही. पण तुम्ही त्यालाच बोलवा ना. सगळ्यांसमोर. चौकातच लिहा. येईल तो."

"येईल?"

"हिंमत असेल तर येईल."

तात्यांना हे पटलं. तिथंच बसून, एका बोटानं, पंधरा मिनिटं लावून त्यांनी लिहिलं. येत्या रविवारी सातबाव आणि नागझरीची फायनल. नागझरी हरली तर भिंतवाल्यानं भर मैदानात सातबावचा लाल झेंडा खांद्यावर घेऊन उभं राहायचं. सातबाव हरली तर दिनकर पोवार स्वतः मैदान ओलांडून नागझरीच्या गॅलरीत येईल आणि भिंतवाल्याच्या डोक्याला पिवळा फेटा बांधील.

उत्तर दोन मिनिटांत आलं. "येतो."

दुपारी जिन्यात जाऊन मीच काकींना फोन लावला.

"काकी, हे काय केलंत? ऐका, आपण आमच्या ऑफिसातला एखादा पोरगा उभा करू. त्याला सगळं पढवून ठेवते."

पलीकडं भांडं आदळल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर?" काकी म्हणाल्या.

"तात्या चिडले तर?"

"चिडू देत."

"आणि हरलात तर? तुम्हाला त्यांच्यासमोर लाल झेंडा घेऊन..."

"छत्तीस वर्षं घेतोय की. आणि एक दिवस घेईन." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "मुग्धा, मी अजून मैदान आतून बघितलेलं न्हाई. टीव्हीवर दिसतं तेवढंच. तू माझ्यासंगं चल. बाकी काय करू नको."

रविवारी तात्या दुपारी बारालाच लाल शर्ट घालून गेले. काकींनी त्यांना सांगितलं होतं, आज जरा माहेरी जाऊन येतो. दोन वाजता मी त्यांना रिक्षानं नेलं. नागझरीच्या गॅलरीत बायका चार-पाच असतील. आम्ही तिसऱ्या पायरीवर जागा धरली. काकींनी जुनं पिवळं काठपदराचं लुगडं नेसलं होतं. हिरवं मैदान समोर आलं तेव्हा त्या या गोलपासून त्या गोलपर्यंत नजर फिरवत राहिल्या.

"केवढं मोठ्ठं हाय गं," शेवटी म्हणाल्या. "टीव्हीवाले निम्मंच दाखवतात."

मॅच सुरू झाली आणि शेजारची बाई बदलली. मालनकाकी पुढं झुकून, गुडघ्यावर मुठी आपटत, खेळाडूंना नावानं हाका मारत होत्या. एकदा पंचानं नागझरीचा फाउल दिला तेव्हा त्यांनी वहीतली सव्विसाव्या नंबरची शिवी घातली, दोडका न करता. पुढच्या रांगेतली पोरं मागं वळून बघायला लागली. "आजी, जोरात!" एक जण ओरडला.

पहिला गोल सातबावचा. समोरच्या गॅलरीतून तात्यांचा आवाज इथवर ऐकू आला. सत्तराव्या मिनिटाला नागझरीनं फेडला. वेळ संपली, एक-एक. पेनल्टी.

चार-चार झाल्या. नागझरीचा पाचवा आत गेला. सातबावकडून शेवटची मारायला त्यांचा कप्तान आला. साऱ्या मैदानावर फक्त कुल्फीवाल्याची घंटी. त्यानं धाव घेतली, मारला, आणि आमच्या कीपरनं उजवीकडं आडवं पडून दोन्ही तळव्यांनी बॉल बाहेर ढकलला.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. कुणीतरी माझ्या डोक्यावर गुलाल ओतला होता. मग हळूहळू गोंगाट उतरला, कारण समोरच्या गॅलरीतून एक माणूस एकटाच मैदानात उतरला होता. लाल शर्ट आणि खांद्यावर पिवळ्या कापडाची घडी. दिनकरतात्या मैदान ओलांडून येत होते. बोललेला शब्द पाळायला हरलेला माणूस एवढ्या लोकांसमोरून चालत येतो, तेव्हा त्याला कुणी हसत नाही. आमच्या गॅलरीतूनही शिट्टी आली नाही.

कठड्याशी येऊन ते थांबले. "भिंतवाला कोण हाय? उभा राहा."

काकी उभ्या राहिल्या.

तात्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "अगं, तू हितं कशी? माहेरी गेलतीस न्हवं?"

"माहेरीच आलोय."

"बरं, बस खाली. जरा काम हाय माझं." आणि ते आमच्या डोक्यांवरून मागच्या रांगांत बघायला लागले. "कोण हाय रे? ये की पुढं!"

"ते काम माझंच हाय," काकी म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. "बांधा."

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. मान खाली घातल्याचं त्यांनी बघितलं, आणि मग त्यांना कळलं. मेथीची जुडी, मिळमिळीत उत्तर, 'समोरच हाय' हे सगळं एकापाठोपाठ एक त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मला दिसलं. त्यांचे कान शर्टाइतके लाल झाले.

गॅलरीत कुजबुज सुरू झाली. "भिंतवाला म्हणजे बाई?" "पोवारांची मंडळी?" मग कुठंतरी एक हसू फुटलं आणि पायऱ्यांवरून पसरत खालपर्यंत आलं. तात्या पाठ फिरवून निघून गेले असते तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. मला वाटलं, जाणार. आणि हे सगळं मी घडवून आणलं.

तात्यांनी खांद्यावरची घडी झटकून उलगडली आणि कठडा चढून आत आले.

"एक टोक धर," ते मला म्हणाले. "ताणून. लोंबू देऊ नको."

मी टोक धरलं. कोल्हापुरी फेटा घाईनं बांधला तर संध्याकाळपर्यंतही राहत नाही. तात्यांनी घाई केली नाही. काकींचा अंबाडा आत घेत, प्रत्येक पेच अंगठ्यानं दाबत, सावकाश बांधत गेले. गॅलरीतलं हसू ओसरलं.

"घट्ट झाला का?"

"थोडा."

"दोन महिने झोप न्हाई मला," ते पेच सैल करत हळूच म्हणाले.

"माहीत हाय की. शेजारीच असतो मी."

तुरा खोचून तात्या मागं सरले आणि काम बरं झालंय का ते तिरक्या मानेनं बघितलं. तेव्हा कुठं शिट्ट्या सुरू झाल्या. समोरच्या लाल गॅलरीतूनसुद्धा.

तासाभरानं मैदान रिकामं झालं. नागझरीची मिरवणूक रस्त्याला लागली होती, तिचे ताशे लांब ऐकू येत होते. पायऱ्यांवर आम्ही तिघंच उरलो होतो. काकी आणि तात्या एका पायरीवर, मध्ये हातभर अंतर. मी निघावं म्हणून पर्स उचलली.

"तू बस," तात्या म्हणाले. "तुझ्याकडं नंतर बघतो."

मी बसले. मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधायला सुरुवात केली.

ते समोरच्या गोलकडं वळले. मग, तिकडंच बघत, म्हणाले, "पेनल्टी का हुकली?"

काकींनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. खरंच विचारतायत की टोमणा आहे, ते बघत असाव्यात.

"तुमच्या कप्तानानं बॉल ठेवला, मागं गेला, पण एकदाबी कीपरकडं बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "जो बघत न्हाई त्यानं बाजू आधीच ठरवलेली असते. मग खांदा बोलतो. धाव घेतानाच त्याचा डावा खांदा उघडला. आमच्या पोरानं तेवढंच बघितलं."

"खांद्याचं तुला काय म्हाईत?"

"दादा गल्लीत मारायचा तेव्हा गोलमध्ये मी असायचो. दोन दगडांच्या मध्ये. नऊ वर्षं. आपल्या लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत."

तात्यांनी मान वळवली. काकींचा थोरला भाऊ वसंत, म्हणजे नागझरीचा जुना नऊ नंबर. त्यानं बॉल पेनल्टीच्या जागेवर ठेवला की सातबावची अख्खी गॅलरी पाठ फिरवून उभी राहायची, हे तात्यांनीच मला कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं.

"वसंताच्या पेनल्टी?" ते म्हणाले. "तू अडवायचीस?"

"सगळ्या न्हाई. दहातल्या चार."

"चार!"

"कधी पाच." काकींनी डोक्याला हात लावला. "आता हा फेटा सोडा बघू. कान दुमडलाय माझा."

तात्या हातभर सरकले. दोन बोटं घालून त्यांनी कापडाखाली दुमडलेला कान अलगद मोकळा केला आणि पेच पुन्हा दाबून बसवला.

"राहू दे फेटा," ते म्हणाले. "चार कशा अडवायचीस ते सांग."